मुरूम न लागणारी जमीन

अमेरिकेच्या आयोवा राज्याच्या मध्यभागी एम्स गावाच्या उत्तरेकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याने मे महिन्याच्या सुरुवातीला गेले, की दोन्ही बाजूंना पेरणीसाठी तयार केलेली उघडी जमीन दिसते. ती इतकी काळी असते की परभणीकडच्या भारी जमिनीच्या शिवारात वाढलेल्या माणसाला ती आपलीच वाटावी. मी या भागात राहायला आल्यापासून या मातीकडे जितक्या बारकाईने पाहत गेलो, तितकी तिची ओढ वाढत गेली, आणि ती ओढ केवळ रंगाची नाही. दख्खनची काळी जमीन आणि ही काळी जमीन वेगवेगळ्या कारणांनी काळ्या झाल्या आहेत. त्यांचे वय वेगळे, घडण वेगळी आणि दुखणीही वेगळी.

आपल्याकडची काळी जमीन ज्या खडकापासून झाली तो बसाल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या रूपाने पसरला. तिचा काळेपणा सेंद्रिय पदार्थांच्या विपुलतेतून आलेला नाही. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांना घट्ट धरून राहिलेला थोडासा ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय अंश, तिला तो रंग देतो. म्हणूनच दिसायला काळीभोर असलेल्या जमिनीच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्कासुद्धा भरत नाही, हा अनुभव मराठवाड्यात घरोघरी आहे. मध्य आयोवातील न झिजलेल्या शेतात हाच आकडा दोन ते साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो. येथील काळा रंग हा खरोखरच कुजलेल्या मुळांचा रंग आहे, आणि ती मुळे ज्या कच्च्या मालात वाढली तो माल बर्फाने आणून टाकलेला आहे.

शेवटच्या हिमयुगात कॅनडावर पसरलेल्या लॉरेन्टाइड हिमस्तराची एक लांब जीभ मिनेसोटातून खाली उतरली आणि 16 ते 17 हजार वर्षांपूर्वी, आज जेथे आयोवाची राजधानी डी मॉइन वसली आहे, तेथपर्यंत येऊन थांबली. भूशास्त्रज्ञ तिला डी मॉइन लोब म्हणतात. सुमारे 14 हजार वर्षांपूर्वी ती आयोवातून पूर्णपणे हटली. पृथ्वीच्या हिशेबात ही अगदी कालची गोष्ट झाली. या लोबच्या बाहेर, दक्षिण आयोवात, पाच लाख वर्षांहून जुन्या हिमयुगांनी टाकलेल्या थरांना पाण्याने कोरून काढलेले आहे. तेथे डोंगरउतार, ओढे, नद्यांचे फाटे असे रीतसर जाळे दिसते. लोबच्या आत मात्र पाण्याला वाट शोधायला अजून पुरेसा वेळच मिळालेला नाही. जमीन हलक्याशा उंचवट्यांची आणि खळग्यांची, आणि खळग्यांतील बहुतेकांना बाहेर जाणारा ओढा नाही. हा तरुणपणा पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे.

बर्फाने टाकलेल्या या थराला टिल म्हणतात. नदी गाळ आणते तेव्हा ती तो वजनाप्रमाणे निवडून टाकते, वाळू एकीकडे आणि पोयटा दुसरीकडे. वारा तर धूळ आणि बारीक वाळू यांपेक्षा जड फारसे काही उचलत नाही. बर्फ मात्र निवड करत नाही. वाटेत जे सापडेल ते खरवडायचे, दळायचे, ओढत न्यायचे आणि वितळताना तेथेच सोडायचे, ही त्याची रीत. त्यामुळे टिलच्या एका ढेकळात चिकणमाती, पोयटा, वाळू, खडे आणि कधी डोक्याएवढा धोंडा एकत्र सापडतो. एका खड्ड्याच्या भिंतीतून काढलेले असे ढेकूळ मी हातात घेऊन फोडले होते. त्यात कॅनडा किंवा उत्तर मिनेसोटाकडून आलेल्या गुलाबी ग्रॅनाइटचा सुपारीएवढा तुकडा होता, चुनखडकाचे पांढरट खडे होते आणि उत्तर व दक्षिण डाकोटा राज्यांच्या बाजूने आलेल्या शेल दगडाच्या करड्या, नखाने खरवडता येतील अशा चकत्या होत्या. विरळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, की ढेकूळ फसफसत असे. हजारो चौरस मैलांवरचे खडक दळून त्यांची सरमिसळ येथे आणून ठेवलेली असल्यामुळे पिकाला लागणारी जवळजवळ सगळी खनिजे या मातीत मुळातच आहेत, आणि चौदा हजार वर्षांच्या पावसाने ती अजून धुऊन नेलेली नाहीत. कोकणातील जांभा ज्या झिजेच्या शेवटच्या टोकाला उभा आहे, तिच्या अगदी सुरुवातीच्या पायऱ्यांवर ही माती आहे.

परभणीचे माझे मामा फोनवर या जमिनीची चौकशी करतात. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मुरूम किती फुटांवर लागतो रे तिकडे?" आपल्याकडे जमिनीची प्रत ठरवताना हा प्रश्न पहिला येणारच, कारण एक हातावर मुरूम लागणारी बरड आणि दहा फूट मुरूम न लागणारी भारी जमीन यांच्या किमतीत आणि पिकांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी म्हणालो, "मामा, इथे मुरूम लागतच नाही." ते काही क्षण थांबले आणि म्हणाले, "मग विहीर खणताना काय लागतं?" विहीर खणताना टिलच लागते. वरचे काही मीटर हवा पोहोचल्यामुळे पिवळट तपकिरी झालेली, त्याखाली हवा न पोहोचलेली गडद करडी, अशी ती पुष्कळ ठिकाणी तीस मीटरहून अधिक खोल जाते आणि त्यानंतर कुठे खडक येतो. मात्र खोल आहे म्हणून ती सर्वत्र मोकळी आहे असे नाही. बर्फाच्या प्रचंड भाराखाली दाबली गेलेली खालची टिल इतकी घट्ट असते की मुळे तिच्यात फक्त उभ्या फटींमधूनच उतरतात, आणि त्या फटींच्या कडांवर लोहाच्या गंजाचे नारिंगी पट्टे दिसतात.

दगडांचा जाच मात्र येथेही आहे. हिवाळ्यात जमीन तीन-साडेतीन फुटांपर्यंत गोठते, फुगते आणि वसंतात पुन्हा बसते. या चढ-उतारात पुरलेले धोंडे दरवर्षी थोडे थोडे वर सरकतात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वेचूनही दगड संपत नाहीत, आणि बांधाच्या कोपऱ्यांत त्यांचे ढीग साचलेले दिसतात.

नुसत्या टिलवर मात्र पीक येत नाही, निदान असे पीक येत नाही. बर्फ हटल्यावर आधी येथे स्प्रूसची झाडे आली, मग पानगळीचे जंगल आले, आणि आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी हवामान उष्ण व कोरडे होऊ लागल्यावर उंच गवताची प्रेअरी पसरली. माती खऱ्या अर्थाने घडवली ती या गवताने. जंगल आपला पालापाचोळा जमिनीच्या वर टाकते. गवत आपली संपत्ती जमिनीच्या आत ठेवते. येथील मुख्य गवत बिग ब्लूस्टेम पुरुषभर उंच वाढते आणि त्याची मुळे दोन मीटरहून खोल जातात. त्या मुळांचा मोठा हिस्सा दरवर्षी मरतो आणि जागच्या जागी कुजतो. वणवे वरचे वाळलेले गवत जाळून टाकत, बायसनचे कळप चरत आणि तुडवत, मुंग्या व गोफर हे बिळे करणारे छोटे प्राणी खालची माती वर आणि वरची खाली करत. टिलमधील चुन्यामुळे ह्यूमस कणांना धरून राहिला, आणि लांबलचक थंडीमुळे तो कुजून उडून जाण्याचा वेग मंद राहिला. असे हजारो वर्षे चालले, तेव्हा दीड ते दोन फूट जाडीचा हा काळा, रवाळ, बोटांत सहज भुरभुरणारा थर तयार झाला.

या गवताचे कूळ आपल्या परिचयाचे आहे. बिग ब्लूस्टेम, आपल्या माळरानावरचे मारवेल आणि कुसळी, शिवाय ज्वारी, ऊस आणि मका ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गटातील भावंडे आहेत. म्हणजे प्रेअरी मोडून तेथे मका लावला गेला, तेव्हा एका गवताच्या जागी त्याचेच भावंड आले. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की पहिले बहुवर्षायू होते आणि दुसऱ्याला दरवर्षी नव्याने पेरावे लागते. मधल्या सात महिन्यांत जमिनीत जिवंत मूळच नसते.

या मातीचा स्वभाव कळण्यासाठी एकच शेत पुरते, आणि त्यातही शंभर-दोनशे पावले. उंचवटा आणि खळगा यांच्या उंचीत पाच-सात फुटांचाच फरक असतो. मोटारीतून पाहणाऱ्याला तो जाणवतही नाही. पण उंचवट्यावरून खळग्याकडे चालत गेले, तर पायांखालची माती चार-पाच वेळा बदलते, आणि येथील मृदा सर्वेक्षकांनी त्या प्रत्येकीला स्वतंत्र नाव दिलेले आहे. माथ्यावर क्लॅरियन, उत्तम निचऱ्याची; तिचा काळा थर दीड फुटाच्या आसपास, त्याखाली तपकिरी पोयटा, आणि दोन-तीन फुटांखाली चुन्याने फसफसणारी मूळ टिल. थोडे उतरले की निकोलेट, जिच्या खालच्या थरात गंजाचे बारीक ठिपके दिसू लागतात, म्हणजे वर्षातील काही काळ तेथे पाणी थांबते. सपाटीवर वेबस्टर. तिचा काळा थर दोन फुटांपर्यंत जातो आणि त्याखालची माती राखट हिरवट करडी असते, कारण पाण्याखाली प्राणवायू न मिळाल्यामुळे लोहाचा तांबूस रंगच निघून गेलेला असतो. आणि सर्वांत खाली, खळग्याच्या तळाशी, ओकोबोजी.

क्लॅरियनच्या एका उभ्या कापलेल्या खड्ड्यात मी पाहिलेली एक गोष्ट अजून डोळ्यांपुढे आहे. पिवळट टिलमध्ये, जमिनीपासून बरेच खाली, मुठीएवढी काळी वर्तुळे होती. एखाद्या बिळातील प्राण्याने कधीकाळी खणलेला बोगदा नंतर वरच्या काळ्या मातीने भरून गेला होता, आणि खड्डा कापताना तो आडवा कापला गेला. त्या वर्तुळातील माती सुरीने काढली तेव्हा ती आजही वरच्या थरासारखीच भुरभुरीत होती, आणि तिच्याभोवतीची टिल कणखर.

याच उतारावर एक अशी जागा आहे की तिने मला या सगळ्या भूमीचे गणित समजावले. खळग्याच्या काठाकाठाने एक पट्टा असतो. त्याचे नाव हार्प्स. हा पट्टा ओला काळा असला तरी सुकल्यावर राखाडी दिसतो आणि अगदी पृष्ठभागापासूनच आम्लाने फसफसतो. कारण असे की खळग्यात साचलेले पाणी काठाच्या मातीतून वर ओढले जाते, वाफ होऊन उडते आणि सोबत आणलेला चुना तेथेच ठेवून जाते. माथ्यावर पाऊस चुना खाली धुतो, काठावर ऊन चुना वर आणते. मधले अंतर काही पावलांचे. जून महिन्यात या पट्ट्यावरचे सोयाबीन पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत भरपूर असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, त्यामागे हेच कारण आहे. येथे पिवळ्या सोयाबीनचे हे कडे इतके स्पष्ट असते की विमानातून खाली पाहिले, तर आटवलेल्या प्रत्येक डबक्याचा जुना काठ आखून दिल्यासारखा दिसतो.

ओकोबोजीबद्दल मला विशेष आपुलकी आहे. चहूबाजूंनी वाहून आलेली बारीक माती तळाशी साचत गेली, पाण्याखाली ती कुजली नाही, आणि काळा थर काही ठिकाणी तीन फुटांहून जाड झाला. त्यातील चिकणमाती आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमातीच्याच जातीची आहे, ओली झाली की फुगणारी आणि सुकली की आकसणारी. कोरड्या ऑगस्टमध्ये तिला भेगा पडतात. दख्खनची काळी आणि प्रेअरीची काळी या दोन मातींचे स्वभाव कुठे जुळत असतील, तर ते या खळग्याच्या तळाशी.

आता एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी यातील बरीचशी जमीन शेतीची नव्हतीच. ती चिबड होती. आयोवात 1840 आणि 1850 च्या दशकांत आलेल्या वसाहतकऱ्यांनी मेस्क्वाकी, आयोवे, डाकोटा या मूळ रहिवाशांकडून करारांनी आणि दडपणाने घेतलेल्या भूमीपैकी आधी नदीकाठची, झाडीलगतची जमीन निवडली. लोबचा मधला भाग डासांचा आणि दलदलीचा म्हणून मागे पडला. तो शेतीखाली आला तो जमिनीखाली घातलेल्या नळ्यांमुळे. भाजलेल्या मातीच्या फूटभर लांबीच्या नळ्या सुमारे चार फूट खोल चरात एकापुढे एक ठेवायच्या, त्यांच्या सांध्यांतून पाणी आत झिरपते आणि उताराने बाहेर जाते. एका शेतकऱ्याचे पाणी दुसऱ्याच्या रानातून जायचे म्हणून निचरा-जिल्हे स्थापन झाले, आणि त्यांना कायदेशीर आधार देण्यासाठी आयोवाने 1908 मध्ये आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती केली. आज मातीच्या नळ्यांऐवजी छिद्रांचे प्लास्टिकचे पाइप घातले जातात. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनींत आपले शेतकरी जी सच्छिद्र निचरा पद्धत वापरतात, ती हीच.

नळ्यांनी वाफसा लवकर आणला, हे त्यांचे खरे मोल. निचरा नसेल तर एप्रिलअखेरीस माथ्यावर वाफसा असतो आणि सपाटीत ट्रॅक्टर रुतेल असा चिखल. एकाच शेताची पेरणी तीन वेळा विभागून करावी लागेल. येथील शेतकऱ्यांनी ही अडचण सोडवण्यासाठी घेतलेले कष्ट मी कमी लेखत नाही. पण ज्या पाण्याने हा कर्ब हजारो वर्षे जपला होता, ते पाणी काढल्याबरोबर जपणूकही संपली. हवा आत शिरली आणि कुजण्याचा वेग वाढला. वरच्या सहा-सात इंचांच्या मातीत प्रत्येक एक टक्का सेंद्रिय पदार्थामागे एकरी सुमारे 450 किलो नायट्रोजन साठलेला असतो. पाच टक्क्यांच्या जमिनीत तो दोन हजार किलोंच्या वर जातो. त्यातील एक-दोन टक्के दरवर्षी सुटा होऊन नायट्रेट बनतो. बिग ब्लूस्टेमसह प्रेअरीतील शेकडो वनस्पतींची मुळे ते एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आळीपाळीने टिपत असत. मक्याची भूक जूनमध्ये सुरू होते आणि ऑगस्टअखेर संपते. मधल्या काळात सुटलेले नायट्रेट, आणि वरून दिलेल्या खतातील उरलेले, पावसाच्या पाण्याबरोबर नळ्यांत उतरते आणि थेट नदीला मिळते.

डी मॉइन शहर ज्या रॅकून नदीचे पाणी पिते, ती लोबच्या याच शेतांमधून येते. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा, नायट्रोजनच्या हिशेबात, लिटरला 10 मिलिग्रॅम आहे, आणि ती पाळण्यासाठी शहराला नायट्रेट काढणारी खास यंत्रणा चालवावी लागते. शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने 2015 मध्ये वरच्या भागातील तीन काउंट्यांच्या निचरा-जिल्ह्यांवर खटला भरला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला. जून 2025 मध्ये नायट्रेट इतके वाढले की त्या परिसरात हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली. जमिनीची सुपीकता आणि नदीतील विष ही एकाच पदार्थाची दोन ठिकाणे आहेत, हे शेतकरी आणि शहर या दोघांनीही मान्य केल्याशिवाय या भांडणाचा निकाल लागणार नाही, असे मला वाटते.

पाण्याबरोबर जे जाते ते डोळ्यांना दिसत नाही. माथ्यावरून जे गेले ते दिसते. वसंतात नांगरलेल्या रानाकडे पाहिले, की काळ्या शेतात फिकट पिवळट टक्कल पडल्यासारखे उंचवटे उठून दिसतात. तेथे काळा थर संपला आहे आणि नांगर टिलमध्ये चालतो आहे. उपग्रहचित्रांवरून केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखवले की अमेरिकेच्या मका पट्ट्यातील सुमारे एक तृतीयांश शेतजमिनीवरचा काळा थर पूर्णपणे गेला आहे. त्यानंतरच्या वर्षी त्याच संशोधकांनी कधीही न नांगरलेल्या प्रेअरीचे उरलेले तुकडे आणि त्यांना लागून असलेली शेते यांच्या उंचीतील फरक मोजला, आणि दीडशेहून अधिक वर्षांत मिडवेस्टमधून, म्हणजे अमेरिकेच्या या मध्य-उत्तर भागातून, 5,760 कोटी टन माती गेल्याचा अंदाज मांडला. ही झीज वर्षाला सरासरी 1.8 मिलिमीटर होते. शेतीपूर्वीचा वेग किती होता, याचे मोजमाप मिडवेस्टमधील चौदा मूळ प्रेअरींत झाले आहे. त्याचे मध्यमान होते वर्षाला 0.04 मिलिमीटर.

ही झीज केवळ पावसाने झालेली नाही. माथ्यावरून जाणारा प्रत्येक नांगर माती थोडी थोडी उताराकडे ढकलतो, आणि बहिर्वक्र माथ्यावर वरून भर घालणारे काहीच नसते. म्हणून सर्वांत जास्त झीज तीव्र उतारावर नसते. ती माथ्यावरच असते.

आयोवातील मूळ उंच गवताच्या प्रेअरीपैकी आज एक सहस्रांशसुद्धा उरलेली नाही. जे तुकडे उरले त्यांपैकी कित्येकांचे श्रेय एम्स येथील वनस्पतिशास्त्रज्ञ एडा हेडन यांना जाते, ज्यांनी 1940 च्या दशकात राज्यभर हिंडून त्यांची नोंद केली आणि ते विकत घेऊन राखावेत असा आग्रह धरला. त्याच्या अर्धशतकापूर्वी याच एम्सच्या कृषी महाविद्यालयात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकले आणि 1896 मध्ये अलाबामातील कापसाने खंगलेल्या जमिनींकडे गेले. मराठी वाचकाला त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. जगातील सर्वांत समृद्ध मातीवर शिकलेल्या माणसाने उरलेले आयुष्य निःसत्त्व मातीसाठी वेचले, याचे मला फार मोल वाटते.

उपाय नाहीत असे नाही. शेताच्या दहा टक्के भागात उताराला आडवे प्रेअरीचे पट्टे लावले, तर वाहून जाणारी माती सुमारे पंचाण्णव टक्क्यांनी कमी होते, हे आयोवातील प्रयोगांनी सिद्ध केले आहे. हिवाळ्यात राय हे थंडी सोसणारे तृणधान्य पेरून ठेवले तर सुटणारे नायट्रेट ते टिपते. पण जेथे काळा थर उरलेलाच नाही, तेथे काय करायचे? मिनेसोटात आणि कॅनडाच्या मॅनिटोबात यावर एक साधा उपाय करून पाहिला गेला: उताराच्या पायथ्याशी साचलेली काळी माती उचलायची आणि माथ्यावर परत पसरायची. उत्पन्न वाढले. आपल्याकडे तलावातील गाळ काढून बरड रानावर टाकण्याची जुनी रीत आहे आणि अलीकडे तिला सरकारी योजनेचीही जोड मिळाली आहे, त्यामुळे ही कल्पना मामांना समजावून सांगावी लागली नाही. "गाळ कुठून उचलता, ते आधी बघा," एवढेच ते म्हणाले.

त्यांची सूचना या जमिनीला नेमकी लागू पडते. मी ज्यांच्या रानात वारंवार जातो, त्या शेजारच्या शेतकऱ्याने येत्या हंगामात कापणीनंतर एका पिवळ्या पडलेल्या माथ्यावर हा प्रयोग करायचे ठरवले आहे. खळग्याचा काठ सर्वांत जवळ आणि उचलायला सोपा आहे, पण तेथे हार्प्स आहे. झिजलेल्या माथ्यावर टिलमधील चुना आधीच उघडा पडला असताना काठावरची चुन्याची माती वर नेणे म्हणजे तोच केवडा माथ्यावर लावणे होईल. त्यामुळे त्यांनी माती निकोलेटच्या पट्ट्याखाली साचलेल्या थरातून घ्यायचे ठरवले आहे, आणि नेमकी जागा निश्चित करण्यासाठी दर वीस पावलांवर गिरमिट फिरवून निघालेल्या मातीवर आम्लाचे थेंब टाकायचे आहेत; जेथे फसफस होणार नाही, तेथूनच उचलायची.